जाता जाता

ट्रकवर मी अकरा-बारा वर्षं काढली. त्यात घाटांनी त्रास दिला, पाट्यांनी दिला, रात्रीच्या झोपेनं दिला. पण सगळ्यांत जास्त त्रास दिला तो दोन शब्दांनी. ‘जाता जाता.’ जाता जाता एवढं पोतं टाक. जाता जाता त्याला उठवून निरोप सांग. येता येता माझी शिलाई मशीन घेऊन ये. सांगणाऱ्याला वाटतं, गाडी तर जातेच आहे, हिला काय वेगळं डिझेल लागतंय? आणि ज्याच्या हातात नुकतंच स्टेअरिंग आलेलं असतं त्याला तर असं कुणी विचारलं की छाती फुगते.

माझीही फुगली. मी 1975 साली दहावी झालो. महाराष्ट्रातली दहावीची ती पहिलीच बॅच. आमच्याबरोबर अकरावीची शेवटची मुलं परीक्षेला होती. पुढं शिकायची ऐपत नव्हती आणि घरची जमीन कोरडवाहू. कोरेगाव तालुक्याचा उत्तरेकडचा भाग ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको; पाऊस झाला तर घेवडा आणि शाळू, नाही झाला तर वैरणसुद्धा विकत. पाच वर्षं एका वस्तादाच्या हाताखाली क्लीनर म्हणून राहिलो. ताडपत्री बांधली, पाटे बदलले, घाटात चाकामागं उटी लावत पळालो. मग लायसन्स काढलं आणि 1982 च्या दिवाळीनंतर कोरेगावातल्या एका मालकानं त्याची टाटा 1210 माझ्या ताब्यात दिली. महिना चारशे रुपये पगार आणि खेपेमागं भत्ता.

आमची खेप ठरलेली. घेवडा, गूळ, हळद असं काही असलं की मुंबईत मशीद बंदरला; बटाटा असला की तुर्भ्याला, कारण कांदा-बटाट्याचा बाजार त्याच्या आदल्याच वर्षी तिकडं गेला होता. दिवस मावळताना निघायचं. साताऱ्यावरनं हायवेला लागलं की पाचवड, सुरूर, मग खंबाटकी. तेव्हा बोगदा नव्हता, जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही गाड्या त्याच घाटातनं. मग शिरवळ, कात्रज, पुणं, लोणावळा, बोरघाट, पनवेल. एक्सप्रेस वे हा शब्दही कुणी ऐकला नव्हता. मशीद बंदरला जायचं तर शीव, दादर, परळ, लालबाग अशी वाट, आणि लालबागला पहाटेचे चार वाजायचे.

लालबाग वाटेतच, हेच खरं दुखणं.

तिथं आमच्या गावच्या माणसांची एक खोली होती. सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाची असायची तशी. दहा बाय बाराची जागा, पाळीप्रमाणं झोपणारी माणसं, खुंट्यांवर टांगलेल्या ट्रंका, आणि जेवण बाईच्या खानावळीत. सगळे गिरणीत. गावात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमन दिसला की घराघरांत चूल जोरात पेटायची. कारण मनीऑर्डर यायची. ती 1982 च्या जानेवारीत बंद झाली. 18 तारखेला संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंत पुढारी, आणि अडीच लाख कामगार बाहेर. पहिले काही महिने लोक म्हणत, होईल महिन्याभरात. मग गावाकडनंच मुंबईला धान्य जायला लागलं. उलटी गंगा म्हणतात ती ही. मुंबईनं ज्या गावाला पोसलं ते गाव आता मुंबईतल्या आपल्या पोरांना पोसत होतं.

अशा वेळी माझ्या हातात गाडी आली. मग नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

पहिल्या खेपेला दोन पोती आणि एक चटणीचा डबा होता. मी स्वतः लालबागला उतरून पोती खांद्यावर टाकून दुसऱ्या मजल्यावर नेली. झोपलेली माणसं उठून बसली. एकानं चहाला म्हणून स्टोव्ह पेटवला, तर त्यात रॉकेल नव्हतं. खाली येऊन गाडीत बसलो तेव्हा मला वाटलं, आपण काहीतरी केलं. हे मी आजही खोटं म्हणत नाही.

पण पोत्यामागनं बाकीचं यायला लागलं. संपाशी ज्याचा काडीचा संबंध नाही तेही. कुणाची लोखंडी कॉट, कुणाच्या जावयाचा पाटा-वरवंटा, शाळामास्तरांचं टेबल. पुण्यात मामाकडं शिकणाऱ्या पोराला दर खेपेला डबा. एकदा एक कोंबडा टपावर बांधून नेला, तो लोणावळ्यात सुटला आणि मी आणि क्लीनर अर्धा तास हॅटेलामागच्या झाडीत. ज्याचा कोंबडा तो म्हणाला, “पाय बांधताना गाठ नीट मारायची व्हती की रं.”

मग माणसं. केबिनमध्ये तीन, चार, कधी पाच. वर पोत्यांवर आणखी. दुसरे डायव्हर रस्त्यावर शिटा घ्यायचे, पुण्याचे इतके, पनवेलचे इतके, आणि त्या पैशांवर त्यांचा चहा-जेवणाचा खर्च निघायचा. माझ्या केबिनमध्ये जागाच नाही, आणि जे बसलेत त्यांच्याकडनं मागायची सोय नाही. एक चुलता, एक मावळणीचा दीर, एक शाळासोबती. वर ढाब्यावर गाडी थांबली की त्यांचा चहा माझ्याच खिशातनं, कारण ते ‘आपल्या गाडीतनं’ आलेले.

आपली गाडी! माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं, की ती गाडी माझी नाही.

माझ्या वस्तादानं मला क्लीनर असतानाच सांगितलं होतं. त्याचा नेम साधा होता. केबिनमध्ये दोन माणसं, वर मालावर एकही नाही. सामान बाजाराच्या पिशवीत मावेल एवढंच. आणि कुणीही दिलेलं गाठोडं त्याच्यासमोर सोडून बघायचं. नाक्यावर बिल्टीत नसलेली वस्तू निघाली तर जबाब डायव्हरला द्यायचा असतो, ज्यानं ‘जाता जाता’ दिली तो घरी घोरत असतो. मी तेव्हा मनात म्हणायचो, म्हातारा कडू आहे. गावात त्याला कुणी जवळ करत नव्हतं हेही खरं.

1983 च्या माघात ते झालं. गाडीत बटाटा भरलेला, तुर्भ्याला पहाटेच्या आत पोचायचं होतं. केबिन भरलेली, आणि वर ताडपत्रीवर माझे एक लांबचे चुलते घोंगडी घेऊन झोपलेले. तात्या म्हणू आपण त्यांना. खंबाटकीच्या वळणावर समोरनं एस. टी. अंगावर आली, मी ब्रेक दाबला, आणि वरनं धप्पकन आवाज आला. तात्या घरंगळून मागच्या बाजूला गेले, रश्शात पाय अडकला म्हणून फाळक्यावरनं खाली पडायचे वाचले. पण एक पोतं हातावर आलं. मनगटाच्या वर हाड मोडलं.

त्या रात्री घाटातल्या अंधारात मी टॉर्च धरून उभा होतो आणि माझे पाय लटलट कापत होते. रश्शात पाय अडकला नसता तर काय, एवढं एकच डोक्यात. पुण्यात दवाखाना गाठला, प्लास्टर होईपर्यंत थांबलो. तुर्भ्याला पोचलो तेव्हा लिलाव उरकून गेला होता. ज्या शेतकऱ्यांचा माल होता त्यांना त्या दिवशी पडेल भावात द्यावा लागला. त्यांनी भाडं भरलेलं होतं. ज्यानं भाडं भरलं त्याचं नुकसान, आणि ज्यानं भरलं नाही त्याच्यासाठी मी थांबलेलो. थांबायला नको होतं असं म्हणत नाही, थांबायलाच पाहिजे होतं. पण तात्या वर असायला नको होते.

मालकानं शिवी दिली नाही. वही काढली, भावातला फरक शेतकऱ्यांना चुकता केला आणि तो माझ्या नावावर लिहिला. मग एवढंच म्हणाला, “गाडी माझी, डिझेल माझं, आणि पुण्य तू घेतोस व्हय?”

चार महिने निम्मा पगार घरी आला. तात्यांच्या घरी बघायला गेलो तर काकू पाणी द्यायलासुद्धा उठल्या नाहीत. “तुझ्या गाडीत बसला म्हणून हात मोडला,” म्हणाल्या. दवाखान्याचे पैसे मी दिले होते. त्यावर कुणी काही बोललं नाही, आणि मीही काढलं नाही.

तेव्हापासून मी वस्तादाचा नेम धरला. गावात पारावर बसून सगळ्यांना सांगितलं. दोन माणसं, एक पिशवी, गाठ सोडून दाखवायची. लोक ऐकून हसले. कुणी म्हणालं, “आता ह्यो आर. टी. ओ. झाला.”

इथवर सांगताना मला बरं वाटतं. पुढचं सांगताना वाटत नाही.

नेम केल्यावर पहिल्यांदा मी ‘नाही’ कुणाला म्हणालो? आमच्या भावकीतल्या नानीला. नानी म्हणजे थोरल्या घरातली विधवा चुलती. तिचा मुलगा, आम्ही त्याला दादा म्हणायचो, लालबागच्या त्या खोलीवर. संपाला वर्ष उलटून गेलेलं. नवा शाळू नुकताच खळ्यातनं घरी आला होता. संध्याकाळी मी गाडीला पाणी घालत होतो तर नानी डोक्यावर अर्धं पोतं घेऊन आली. मी म्हणालो, “नानी, पोतं नको. पिशवीत मावंल एवढं द्या.”

ती म्हणाली, “आरं, सात माणसं हाईत तितं खोलीवर. पिशवीनं काय हुतंय?”

“सगळ्यांना तसंच सांगितलंय, नानी. एकाला केलं की दुसऱ्याला करावं लागतं.”

तिनं जरा वेळ बघितलं. मग खाली ठेवलेलं पोतं पुन्हा डोक्यावर घ्यायला मला हात लावायला सांगितलं. मी हात लावला. ती गेली. मला त्या वेळी स्वतःचा अभिमान वाटला होता, हे लिहायला लाज वाटते पण वाटला होता. म्हटलं, जमलं बुवा.

त्याच खेपेला परतताना काय झालं बघा. आमच्या भागातले एक वजनदार गृहस्थ होते. नाव घेत नाही. पंचायत, सोसायटी, देवस्थान सगळीकडं त्यांचा शब्द. त्यांनी निरोप धाडला होता, पुण्याला लोखंडी कपाट घेतलंय, येता येता आण. मी आणलं. नेम आठवला नाही असं नाही. आठवला, आणि मी तो गिळला. हौद्यात कपाटासाठी गोणपाट अंथरलं, आरशाला ओरखडा उठू नये म्हणून माझी स्वतःची वाकळ गुंडाळली.

देवळासमोर कपाट उतरवताना चार माणसं लागली. नानी पाणी घेऊन चालली होती, ती थांबली. कपाट खाली टेकेपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, “बसलं व्हय रं पिशवीत?”

आणि गेली.

आजवर मला पुष्कळांनी शिव्या दिल्या. पोलिसांनी, हुंडेकऱ्यांनी, मालकांनी. त्यातली एकही मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दारात गेलो. म्हणालो, नानी, द्या पोतं, आज रातच्याला निघतोय. ती शाळू निवडत होती. मान वर केली नाही. “नगं बाबा. तुझा नेम मोडाया नगं.” तिनं दोन गाठोडी केली आणि वाठार स्टेशनला जाऊन पॅसेंजर धरली. पुण्याला गाडी बदलली. आयुष्यात ती एकदाच मुंबईला गेली, ती अशी. महिन्याभरानं मी लालबागला दादाला भेटलो. तो हसत हसत सांगत होता, “आई आलती. शाळवापरीस तिकिटाचं पैसं जास्त झालं.” त्याला माझं काही ठाऊक नव्हतं. नानीनं सांगितलंच नव्हतं.

मग मात्र मी हट्टाला पेटलो. वैशाखात त्याच गृहस्थांच्या घरचं लग्न निघालं. वऱ्हाड खंडाळ्याकडं न्यायचं, गाडी आपलीच. मी म्हणालो, “वऱ्हाड नेणार नाही. मालवाहू गाडी आहे.” ते हसले आणि मालकाकडं गेले. मालक लगेच हो म्हणाला! ज्यानं मला वही दाखवली होती, तोच. त्याला सोसायटीचा माल पाहिजे होता. मी मालकाला म्हणालो, “दुसरा डायव्हर घाला. माणसं भरून मी घाटात जाणार नाही.” त्यानं दुसरा घातला आणि मला महिनाभर घरी बसवलं.

कुणाला वाटेल, पुढं काही अपघात झाला असेल आणि माझं खरं ठरलं असेल. तसलं काही झालं नाही. वऱ्हाड हौद्यात गाणी म्हणत गेलं, लाडू खाऊन आलं. दुसऱ्या डायव्हरला फेटा बांधला, आहेर केला. गाव मला वर्षभर ‘नेमवाला’ म्हणत होतं. घरात महिनाभर कालवणात तेल नव्हतं, आणि बायको म्हणाली ते इथं लिहिता येणार नाही.

पुढं पुष्कळ वर्षांनी, मी गाडी सोडून शेती करत असताना, कोर्टाच्या कामाला साताऱ्याला गेलो तर एका वकिलांनी सहज बोलता बोलता सांगितलं, की 2002 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं आशा राणी खटल्यात निकाल दिलाय. मालाच्या गाडीत फुकट बसलेल्या माणसाला अपघात झाला तर त्याची भरपाई विमा कंपनीवर येत नाही. पैसे द्यायचे ते गाडीवाल्यानं. मालाबरोबर मालाचा धनी बसला असेल तर गोष्ट वेगळी, 1994 साली कायद्यात तशी दुरुस्ती झालीय. पण तात्यांसारखा माणूस कशातच बसत नाही. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तात्यांचा पाय त्या रश्शात अडकला नसता तर मालकाची गाडी आणि माझं घर दोन्ही गेलं असतं, आणि भावकीतलं कुणी चहालासुद्धा विचारलं नसतं. हे तेव्हा कळलं असतं तर मी पारावर जास्त जोरात बोललो असतो. नानीपुढं काय बोललो असतो, ते मात्र सांगता येत नाही.

महिन्यानं मालकानं मला परत बोलावलं. तेव्हा मी नेमात एक बदल केला. माणसांचा नेम तसाच, त्यात देवाचीही सूट नाही. सामानाला मात्र दर लावला. पोत्याला इतके, कॉटला इतके, कपाटाला सगळ्यांत जास्त. पैसे मालकाच्या वहीत आणि वहीवर सही. संपावरच्या पोरांचं धान्य बिनपैशाचं, पण ते मालकाला आधी सांगून. तो कुरकुरला, पण वहीत कपाटाचे पैसे दिसायला लागल्यावर गप्प झाला. निम्मं येणं आपोआप बंद झालं. ज्याला खरंच न्यायचं होतं ते पैसे देऊन न्यायचे, आणि पैसे दिल्यावर वेळेवर पोचलं का म्हणून हक्कानं विचारायचे. मला तेच बरं वाटायचं.

फक्त ज्याच्यासाठी ती सूट ठेवली होती, त्या घरातनं पोतं आलं नाही. संप रीतसर कधी मागं घेतला गेलाच नाही. आमची पोरं एक-एक करून गावी परतली, काही तिथंच भाजीच्या गाड्यावर लागली. दादा 1984 ला परतला आणि माझ्या शेजारच्या बांधावर रोजगारानं जायला लागला. नानीशी माझं बोलणं होतं, सणावाराला जाणं-येणं होतं. पण कोरेगावच्या बाजाराला निघालेली दिसली आणि मी गाडी थांबवली, केबिनमध्ये जागा आहे म्हणालो, तर ती म्हणायची, “तू जा म्होरं, मी येतीया चालत.” ती गेली त्याला आता वीस वर्षं होऊन गेली.

आता मी आलं पिकवतो. सातारी आलं, चांगलं होतं आमच्या मातीत. पुतण्याची पिकअप आहे, तो पुण्याला मार्केट यार्डात माल नेतो. परवा दहा गोण्या भरल्यावर त्याला म्हणालो, “जाता जाता कात्रजला ताईकडं एवढी पिशवी टाक.” म्हणता म्हणताच माझी जीभ अडखळली. त्यानं पिशवी हातात घेऊन जोखली, गाठ सोडून आत बघितलं. कांदे, लसूण, थोडा घेवडा.

“आबा, कात्रजला आत वळावं लागतं. पन्नास द्या.”

मी खिशात हात घातला, पन्नासची नोट काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती खिशात घातली, पिशवी आपल्या शेजारच्या शिटावर ठेवली आणि गाडी चालू केली.